लोंगेवाल्याला न मेलेली माणसं

जैसलमेर सोडून वीस मिनिटं झाली असतील, टूर मॅनेजरने माइक हातात घेतला. "आज कुठे चाललोय आपण?" अख्खी बस ओरडली, "बॉर्डर!" आणि त्याने खरंच 'बॉर्डर' लावला. वर सगळ्यांना पडदे ओढून घ्यायला सांगितलं, कारण उन्हाने टीव्ही दिसत नव्हता. मी खास खिडकीची सीट धरली होती. बाहेर खरं थरचं वाळवंट चाललेलं आणि आम्ही चाळीस जण पडदे लावून, काळोखात, सिनेमातलं वाळवंट बघत बसलेलो. मी माझा पडदा वीतभर उघडा ठेवला, तर मागच्या सीटवरच्या काकूंनी हात लांब करून तो बंद केला.

त्याआधी उदयपूर झालं, जोधपूर झालं, छान होतं. दाल-बाटी चारदा झाली. सम गावच्या वाळूत उंटावर बसायला दोन-अडीच तास दिले होते, तेवढ्यात आमच्या ह्यांची कंबर धरली. आणि लोंगेवाल्याला, जिथे 71च्या भारत-पाक युद्धातली ती लढाई झाली, जिच्यावर 'बॉर्डर' निघाला, तिथे किती वेळ दिला होता? चाळीस मिनिटं. त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. तरी मी टूरवाल्यांना शिव्या देणार नाही, पैसे मोजून मीच गेले होते.

मी सातारकडची. आमच्या भागात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे घरटी कुणीतरी फौजेत असतं आणि गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. माझे मामाही होते, रसद पुरवणाऱ्या तुकडीत. 71 साली पश्चिमेच्या सरहद्दीवर होते, पण लोंगेवाल्याला नव्हे. 1997 साली 'बॉर्डर' आला तेव्हा आम्ही त्यांना हट्टाने थिएटरात घेऊन गेलो. त्या चिठ्ठीच्या गाण्याला मी तर हुंदके देऊन रडले. मामा मात्र बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "एवढी पोरं मारली, मग जिंकलं कोण?" आम्हाला वाटलं म्हातारा नेहमीसारखा तिरकस बोलतोय. युद्धात तुम्ही काय केलंत असं विचारलं की ते म्हणायचे, "वाट बघितली. पिठाची, पाण्याची, हुकमाची." आम्हा पोरांना ते फारच फिकं वाटायचं.

या वेळी निघायच्या आधी मी थोडं वाचून घेतलं होतं, आणि वाचताना मामांचं ते वाक्य सारखं आठवत होतं. कारण लोंगेवाल्याची खरी रात्र म्हणजे जवळजवळ सगळी वाट बघणंच आहे. पंजाब रेजिमेंटच्या 23व्या बटालियनची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं. 4 डिसेंबरच्या चांदण्या रात्री गस्तीवर गेलेल्या लेफ्टनंट धरमवीर यांना पलीकडून रणगाड्यांची घरघर ऐकू आली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी मदत मागितली. जैसलमेरला हंटर विमानं होती, पण त्यांना अंधारात हल्ला करता येत नव्हता. म्हणजे उजाडेपर्यंत जागा धरून ठेवा, नाहीतर मागे या. मागे यायला गाड्या नव्हत्या, पायीच यावं लागलं असतं. ते थांबले.

मध्यरात्रीनंतर तोफा सुरू झाल्या आणि पहिला मार बसला तो सीमा सुरक्षा दलाच्या उंटांना. दहापैकी पाच मेले. मग चाळीसेक रणगाडे आणि त्यांच्यामागे हजारोंनी पायदळ आलं. आपल्याकडे रणगाडा फोडायला अगदी मोजकी साधनं, त्यात जीपवर बसवलेली एक तोफ. अगदी जवळ येऊ दिल्यावर त्यांनी पहिले रणगाडे टिपले. आणि मग या लढाईतला मला सगळ्यात आवडणारा प्रकार घडला. ठाण्याभोवती काटेरी तार होती. साधी तार. ती बघून पलीकडच्यांना वाटलं पुढे सुरुंग पेरलेत, आणि सगळं लटांबर थबकलं. सुरुंग शोधायला माणसं बोलावली, त्यात दोनेक तास गेले, आणि शेवटी कळलं की पुढे सुरुंगांचं शेत वगैरे काही नाही. तोवर पहाट जवळ आली होती. बाजूने वळसा घालायला गेलेले रणगाडे भुसभुशीत वाळूत रुतले. उजाडल्यावर हंटर आली आणि रात्रीचा हिशेब उलटा झाला. विमानातून घेतलेला एक फोटो आहे, वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांची वेटोळी उमटलेली. विमानांचा मारा चुकवायला ते गोल गोल पळत होते. अंगणात लहान मुलाने काठीने रेघोट्या माराव्यात तसं दिसतं.

आपली किती माणसं गेली? दोन.

हे मी बसमध्ये ह्यांना सांगत होते तर ते म्हणाले, "शू, गाणं चाललंय."

वाटेत तनोट लागतं. तिथल्या देवळात 65 साली पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे काचेच्या कपाटात मांडून ठेवलेत, देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. गोळे का फुटले नाहीत, तर देवीची कृपा. मी हात जोडले, मला त्यात काही खटकलं नाही. देवीच्या गोष्टीला कुणी इतिहास म्हणून पडदे लावून दाखवत नाही. प्रसाद घेतला, पुढे निघालो.

लोंगेवाल्याला उतरल्या उतरल्या सगळे रणगाड्याकडे धावले. पकडलेला टी-59 उभा आहे, लोखंड उन्हाने तापलेलं, कडेला वाळू साचलेली. त्याच्यापुढे फोटोची रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक पुरुष, अगदी प्रत्येक, सनी देओलचा आवाज काढत होता. आमचे हेसुद्धा! धरलेली कंबर सांभाळत. मी फोटो काढला, काय करणार.

आमच्याच बसमधले एक गृहस्थ, चांगले शिकलेले, सात-आठ वर्षांच्या नातवाला खंदक दाखवत होते. "हे बघ, इथे सगळे शहीद झाले. तो भैरोसिंग, तो धरमवीर, सगळे."

मी म्हटलं, "नाही हो काका, दोनच गेले. धरमवीर तर पुढे कर्नल झाले."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शत्रूची बाजू घेतेय. "अहो, आत्ताच तर पाहिलं नं आपण बसमध्ये!"

"आत्ता मध्यंतरापर्यंतच झालाय."

"मग बघा पुढे," ते म्हणाले.

नातवाने विचारलं, "आजोबा, मेले की नाही मेले?" आजोबा म्हणाले, "मेले, मेले," आणि त्याला आइस्क्रीमकडे घेऊन गेले.

स्मारकात एक छोटी फिल्म दाखवतात, ती मी एकटीने पाहिली. बाहेर आले तर बसचा ड्रायव्हर सावलीत चहा घेत उभा होता. मी आपलं सहज, रागाचा निचरा म्हणून, त्याला ते काकांचं सांगितलं. तो हसला. "भैरोंसिंहजी? वो तो हमारे उधर के थे, शेरगढ़ के. अभी दो-तीन साल हुए, गए." धरमवीरांचं मी वाचलं होतं, पण हे मलाही ठाऊक नव्हतं. भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे, तिथल्या त्यांच्या मोजक्या माणसांचे प्रमुख. 97 साली मी ज्यांच्या मरणाला रडले, ते तेव्हा जोधपूरजवळच्या आपल्या गावी जिवंत होते. 72 साली सेना पदक मिळालेलं. रात्री हॉटेलात वाचलं, डिसेंबर 2022मध्ये जोधपूरच्या एम्समध्ये वारले, म्हणजे पिक्चरमध्ये मारल्यानंतर पंचवीस वर्षांनी. माणूस रात्रभर मशीनगनच्या मागे बसून लढला आणि सकाळी जिवंत राहिला, हे पडद्याला पुरेसं वाटलं नाही. का वाटू नये, हा माझा खरा सवाल. गाणी घाला, प्रेयसी घाला, माझी तक्रार नाही. पण जिवंत माणूस गावात म्हशीच्या धारा काढत असेल, बाजाराला जात असेल, आणि येणारा-जाणारा त्याला म्हणत असेल, अरे, तुम्ही तर मेला होतात!

दोन सैनिक खरंच गेले, त्यांची नावं मला विचाराल तर मी चटकन सांगू शकणार नाही. न मेलेल्यांची मात्र तोंडपाठ आहेत. ही माझी कबुली.

परतताना पिक्चर पुढे सुरू झाला. पुन्हा पडदे, पुन्हा काळोख. काकांनी मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. लढाई सुरू झाली, एकेक जण पडू लागला, बसमध्ये नाकं ओढल्याचे आवाज. आणि मी? मला सगळं माहीत होतं. तासाभरापूर्वी ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. तरी भैरोसिंग कोसळायला लागले तसा माझाही घसा दाटला. ह्यांनी न बोलता रुमाल पुढे केला. तो घ्यावा लागला याचा मला इतका संताप आला!

तेवढ्यात रामगढ आलं. चहासाठी गाडी थांबली, मॅनेजरने रिमोट दाबला. सगळे उतरले. पडद्यावर भैरोसिंग तसेच, अर्धे पडलेले. ड्रायव्हरने मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि मला विचारलं, "मैडम, चाय में चीनी कितनी?"