शाळेच्या नेटचं बिल एकदा उघडून बघा

आमची शाळा पारोळा तालुक्यातली, नेटचं बिल दरवर्षी आलं की सही करून पुढे. यंदा मी क्लार्ककाकांना फाईल मागितली तर ते म्हणाले, 'सर, हाई बिल ते दरसाल आसंच येस.' बसलो वाचत. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायम एकच राहणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे, वेगळे पैसे लावलेले, जो आम्ही कधी वापरलाच नाही, वर राऊटरचं भाडं, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी! करारात '१०० एमबीपीएस पर्यंत' लिहिलंय, सगळी गोम त्या 'पर्यंत'मध्ये आहे, म्हणजे किमान किती मिळेल याची हमीच नाही आणि डेटा लिमिट संपली की स्पीड पडतो ते वेगळंच.

मग मी राऊटरला थेट वायर लावून शाळेच्या वेळात, सकाळी ११ ला, स्पीड मोजला आणि रविवारी परत मोजला. हे नक्की करा, कारण वायरवर स्पीड नीट आणि वर्गात नाही तर दोष वायफायचा, मोठा प्लॅन घेऊन काही होत नाही. अपलोडही बघा, यूडायस प्लसची, म्हणजे सरकारच्या शाळांच्या पोर्टलवरची, माहिती भरताना मॅडम रात्री घरून मोबाईलच्या नेटवर बसतात, हे मनाला खरंच लागतं.

नवीन कोटेशन तीन ठिकाणून मागवलीत. लाईन बंद पडली तर किती तासात दुरुस्त करणार आणि तेवढ्या दिवसांचे पैसे कापणार का, हे लेखी मागितलंय. ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी नेट पोचवायची सरकारी योजना) फायबर आलीय का तेही सोमवारी विचारतो.