तीन पस्तीसची घंटा

१६ एप्रिलला दुपारी बरोबर तीन वाजून पस्तीस मिनिटांनी आमच्या मंडळाची घंटा वाजते. शाळेचीच जुनी पितळी घंटा आहे ती. १८५३ साली याच दिवशी, याच वेळेला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला यायला निघाली होती. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ३४ किलोमीटरचा तो प्रवास संपला आमच्या गावात. मुंबईकरांनी निघायचा सोहळा साजरा करावा, आम्ही ठाणेकर पोचण्याचा करतो.

मंडळ तसं छोटंच, छोट्या आगगाड्या जमवणाऱ्यांचं. नौपाड्यातल्या एका शाळेचा हॉल त्या दिवशी मिळतो. परीक्षा संपलेल्या असतात, बाकं रिकामी. सकाळी आठपासून बाकं जोडून त्यांवर प्लायवूड टाकायचं, मग रूळ, मग वायरी. मी पहिल्यांदा गेले ती आठवीत असताना, बाबांबरोबर. आत शिरल्या शिरल्या जो वास आला तो अजून नाकात आहे: सोल्डरिंगचा धूर, रूळ पुसायचं स्पिरिट आणि कोपऱ्यातल्या पातेल्यातलं कैरीचं पन्हं. चैत्र असल्यामुळे काकू मंडळी आंबेडाळ करून आणायची. हाताला डाळ लागली असेल तर इंजिनाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम मला तिथेच कळला.

दुसरा नियम मोठा होता. जो कोणी नवं मॉडेल आणेल त्याने ते रुळावर ठेवायच्या आधी सांगायचं, की याचं खरं इंजिन तू कुठे पाहिलंस. वाचलेलं चालणार नाही, फोटोतलं चालणार नाही. पाहिलंच नसेल तर हॉलमधल्या ज्याने पाहिलं असेल त्याच्याकडून ऐकायचं, आणि मगच गाडी सोडायची.

बाबांनी त्या वर्षी डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल आणलं होतं. आमच्या लहानपणी भारतीय इंजिनांची मॉडेलं दुकानात मिळायची नाहीत. कुठलं तरी परदेशी यंत्र मिळवायचं आणि त्यावर पत्र्याचा किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा आपला सांगाडा चढवायचा. खरं इंजिन १७ मीटरपेक्षा थोडं लांब. १:८७ या प्रमाणात ते जेमतेम २० सेंटीमीटरचं होतं, म्हणजे वीतभर. बाबा उभे राहिले आणि भुसावळला आजोळी जाताना पाहिलेल्या इंजिनाबद्दल बोलले. अमेरिकेतल्या अल्को कंपनीची पहिली इंजिनं १९६२ साली आली, १९६४ पासून तीच वाराणसीला बनू लागली, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वगैरे सगळं त्यांना पाठ होतं. पण हॉलमध्ये शांतता पसरली ती दुसऱ्याच गोष्टीने. ते म्हणाले, फलाटावर उभं असताना त्या इंजिनाची धडधड आधी तळपायाला कळते, कानाला नंतर. घरी मी हे कधी ऐकलं नव्हतं. बाबा फारसे बोलणारे नव्हतेच. मग गाडी सुटली, आणि मी पहिल्यांदा वाकून, डोळा रुळाच्या पातळीला आणून तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर फार थोडी वर्षं चुकली असतील. सगळी सारखी आठवत नाहीत. एका वर्षी पाचवीतल्या मुलीने पुठ्ठ्याची साहिब, सिंध, सुलतान बनवून आणली होती, चाकांऐवजी शर्टाची बटणं. एका वर्षी कोणीतरी १२ डब्यांची लोकल आणली. जवळजवळ तीन मीटरची ती गाडी उभी करायला फलाटच पुरेना. पण एक वर्ष मात्र मिनिटामिनिटाने आठवतं.

त्या वर्षी एक नवे सदस्य आले होते. त्यांच्याकडे जर्मन कंपनीचं, स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचं मॉडेल होतं. पुढे-मागे लांब बसकी नाकं, मध्ये केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे. वळणावर नाकं वेगवेगळी वळतात, म्हणून लांबून मगरीसारखं दिसतं. फार सुंदर मॉडेल, फार महाग. नियमाप्रमाणे त्यांना विचारलं, खरं कुठे पाहिलंत? ते म्हणाले, मी स्वित्झर्लंडला गेलेलो नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून ड्रायव्हरकाका उठले. कल्याण शेडमधून निवृत्त झालेले, मंडळात यायचे ते नातवाला घेऊन. मॉडेल त्यांच्याकडे एकही नव्हतं. त्यांनी ते इंजिन दोन्ही तळहातांवर घेतलं, उलटं करून दांडे पाहिले आणि म्हणाले,

“अरे, हा तर आमचा खेकडा!”

पुढचा पाऊण तास घंटा, चहा, वेळापत्रक सगळं थांबलं. काकांनी सांगितलं, की मुंबईहून घाट चढायला मालगाड्यांसाठी १९२८ पासून जी विजेची इंजिनं आली, ती याच घाटणीची. कागदोपत्री डब्ल्यूसीजी-१, ड्रायव्हरांच्या तोंडी खेकडा. पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या ज्या कारखान्यात बांधली गेली, त्याच कारखान्याने स्विस मगरींचे सांगाडेही बांधले होते. म्हणजे हे मॉडेल परकं नव्हतंच, आमच्या घाटातल्या इंजिनाचं सख्खं भावंड होतं. कसारा आणि बोर, दोन्ही घाटांत चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आकडा वाचताना काहीच वाटत नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात पाऊस, मागे भरलेली मालगाडी. चाक जागच्या जागी फिरू लागलं की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो, असं काका म्हणाले. म्हणून मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिन लावायचे. पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, सगळा संवाद शिट्ट्यांचा.

काका सत्तरच्या दशकात असिस्टंट म्हणून खेकड्यावर चढले होते. नुसता उभा असला तरी तो कण्हायचा, म्हणाले. एका मुलाने विचारलं, “आजोबा, कसा?” काकांनी डोळे मिटले आणि घशातून खोल, लांब असा एक आवाज काढला. मग हाताने मांडीवर ताल धरून धावतानाचा दांड्यांचा सूं-सट्, सूं-सट्. सत्तरीचा माणूस, शंभरेक लोकांसमोर, अजिबात न संकोचता. कोणी हसलं नाही. नातवाने मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. मॉडेलमध्ये बसवायच्या हजारो रुपयांच्या साउंड डिकोडरमध्ये जगातल्या कितीतरी इंजिनांचे आवाज मिळतात, त्यात हा आवाज मी तरी कधी ऐकलेला नाही.

नव्या सदस्यांनी त्यानंतर मगर रुळावर ठेवली आणि वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर काकांच्या हातात दिला. काकांनी ती इतकी सावकाश सोडली, की चाक हललं कधी ते कळलंच नाही. “मागे दोन हजार टन आहेत,” एवढंच म्हणाले. मागे तीन रिकामे प्लास्टिकचे डबे होते.

आमच्यातले गणिताचे सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. सरांना एक गोष्ट वर्षानुवर्षं खुपत होती. बाजारात मिळणारा आपल्या प्रमाणाचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरासाठी, बरोबर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागा, १९.२६ येतात. पावणेतीन मिलिमीटरने काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. पण समोरून पाहा. आपलं इंजिन पाय फाकवून, मांड ठोकून उभं असतं. अरुंद रुळावर तेच इंजिन गुडघे जवळ घेऊन अवघडल्यासारखं दिसतं. मला हे सरांनी दाखवल्यावरच दिसलं, आणि तेव्हापासून न पाहणं जमलेलं नाही.

पुढच्या वर्षी सर फूटभर रूळ घेऊन आले, हाताने बनवलेला, खऱ्या प्रमाणातला. पीसीबीच्या, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पातळ पट्ट्या कापून स्लीपर, त्यांवर रूळ सोल्डर केलेले. पट्टीवरचं तांबं वीज वाहून नेतं, म्हणून प्रत्येक स्लीपरच्या मधोमध करवतीने बारीक खाच पाडावी लागते, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो. त्याच्या पुढच्या वर्षी चार फूट झाला. मग नऊ. ज्या वर्षी सोळा फुटांचा झाला त्या वर्षी गाडी हलेचना. अख्ख्या रुळात एका स्लीपरची खाच राहिली होती. आम्ही चौघं जण मल्टिमीटर आणि भिंग घेऊन दीड तास जमिनीवर पालथे होतो, मंडळासाठी मागवलेली मामलेदारची मिसळ डब्यात गार झाली, आणि सापडली तेव्हा सगळा हॉल ओरडला.

रूळ वाढत होता तसतसा सरांच्या घरी पितळी पत्र्यातून खेकडाही आकार घेत होता. दांड्यांसाठी त्यांनी काकांना किती वेळा बोलावलं असेल, गणती नाही. काका चष्मा काढून जवळून बघायचे आणि म्हणायचे, “दांडा इथे नाही सर, अजून बोटभर खाली.” त्यांचं बोट खऱ्या इंजिनाच्या मापाचं असायचं; सर ते मनात ८७ ने भागायचे.

तोवर खरे खेकडे कधीच थांबले होते. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवरची १५०० व्होल्टची जुनी वीजही २०१६ पर्यंत जाऊन तिथे २५,००० व्होल्ट आले.

यंदाच्या १६ एप्रिलला सरांचा खेकडा सोळा फुटांच्या रुळावरून धावला. तीन पस्तीसची घंटा ड्रायव्हरकाकांच्या नातवाने वाजवली. तो आता इंजिनीअरिंगला आहे. काका खुर्चीत बसले होते, हल्ली त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. सरांनी इंजिनाच्या पोटात छोटा स्पीकर बसवला होता. खेकडा उभा होता तिथेच, हलायच्या आधी, कण्हला. काकांचा आवाज. काका पुढे झुकले, कान त्याच्याकडे केला, आणि मग हळूच म्हणाले, “पेंटो थोडा उंच झालाय.” पेंटो म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा. सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

रूळ सरळ आहे, त्यामुळे खेकडा जातो आणि उलटा येतो. मुलांची रांग संध्याकाळपर्यंत हटली नाही. सगळे गेल्यावर सर म्हणाले, पुढच्या वर्षी वळण टाकू. खेळण्यातलं अर्ध्या मीटरच्या आतलं वळण त्यांना नको आहे. आपल्या ब्रॉडगेजवरचं सर्वात तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. ८७ ने भागलं की दोन मीटर. गाडी पूर्ण वळून परत यायला चार मीटर रुंदी हवी. मग मी टेपचं एक टोक खिडकीखाली धरलं, सर दुसरं टोक घेऊन बाकांमधून मागे मागे जात राहिले. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. “झालं का हो?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “पाच मीटर दहा. बसतंय.”