गाडी पलीकडे ठेवून

अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या मॅकिनॉ बेटावर जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हाला तिथल्या शांततेचं कौतुक ऐकवलं होतं. लिदीच्या वासाबद्दल एकजणही बोलला नव्हता.

फेरीबोटीतून उतरून मेन स्ट्रीटवर आलं की दोन वास एकदम अंगावर येतात. एक फज नावाच्या मिठाईच्या दुकानांतला, उकळत्या साखरेचा आणि लोण्याचा. दुसरा घोड्यांचा. जूनची अखेर, टळटळीत दुपार, नुकत्याच रिकाम्या झालेल्या दोन बोटींची गर्दी, भाड्याच्या सायकलींवर डगमगणारी पोरं, त्यांच्यामधून निवांत चाललेल्या घोडागाड्या आणि घोडागाड्यांच्या मागे फावडं घेऊन फिरणारा माणूस. नवऱ्याने रुमाल काढून नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. बेत माझा होता, त्यामुळे माझं लक्ष नेमकं त्या वेळी दुसरीकडे होतं.

बेत माझा, पण त्याच्यासाठी. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. मोटारींना मागे घेताना काय आडवं आलं ते ओळखणाऱ्या सेन्सरवर त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. मुलं घराबाहेर पडल्यापासून आम्ही दोघं सलग एकत्र बसतो ते गाडीत, आणि तिथलं आमचं बोलणं म्हणजे ‘पुढचा एक्झिट आपला’ आणि ‘माहितीये मला’. म्हटलं, निदान सुट्टीला तरी अशा जागी जाऊ जिथे एक्झिट नसतील. आय-७५ महामार्गाने सरळ उत्तरेला सव्वाचार तास गेलं की मॅकिनॉ सिटी येतं. गाडी तिथेच ठेवायची आणि बोटीत बसायचं. ह्युरॉन सरोवरातून बोट जाते तेव्हा मागे मॅकिनॉ पूल दिसतो, १९५७ साली खुला झालेला, जवळजवळ पाच मैल लांब. नवरा बोटीच्या टपावर उभा राहून त्या पुलावरच्या ट्रककडे बघत होता.

बेटावर मोटारी नाहीत त्या १८९८पासून. एक मोटार आली, तिच्या आवाजाने घोडे बिथरले, टांगेवाल्यांनी तक्रार केली आणि गावाच्या कौन्सिलने बंदी घालून टाकली. उरलेलं बेट, म्हणजे आताचं स्टेट पार्क, त्या बंदीखाली १९०१मध्ये आलं. हे घडलं ते मिशिगनमध्ये, हे विशेष. फोर्डने डेट्रॉइटच्या रस्त्यावर आपली पहिली गाडी चालवून बघितली होती १८९६ साली, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी. सगळं राज्य पुढे मोटारींवर जगलं आणि या एवढ्याशा तुकड्याने ‘आम्हाला नको’ म्हणून सांगितलं ते आजतागायत. अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलिसांची गाडी तेवढी आहे.

आमच्या मुक्कामाबद्दल फार लिहीत नाही. जुनं लाकडी घर, फुलाफुलांचे वॉलपेपर, करकरणारा जिना, पंखा एकच. ‘चहा मिळेल’ असं आवर्जून सांगितलं होतं. मिळाला तो कोमट पाण्यात सोडलेल्या पिशवीचा. एवढं भाडं घेणाऱ्यांना पाणी उकळायला काय होतं, हा प्रश्न मला प्रत्येक अमेरिकन हॉटेलात पडतो, तिथेही पडला. बेटावर सगळंच महाग आहे. पण का महाग ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि त्यानंतर माझी कुरकुर जरा कमी झाली. चहाबद्दलची सोडून.

साडेसहाला आम्ही चहाच्याच शोधात बाहेर पडलो होतो. रस्ते पाणी मारून धुतलेले होते, ओले. दुपारच्या गर्दीचा मागमूस नव्हता. धक्क्याकडून ड्रे येत होते. ड्रे म्हणजे सामान वाहायची लांब, सपाट घोडागाडी. एकीवर भाजीचे खोके आणि बिअरची पिंपं, दुसरीवर हॉटेलांच्या चादरींची गाठोडी, तिसरीवर कुरिअरची तपकिरी खोकी अगदी ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत रचलेली. घरबसल्या बटण दाबून मागवलेला माल इथे शेवटचा मैल घोड्यावरून जातो. कोणाचा तरी फ्रिजसुद्धा जात होता.

त्यातली एक ड्रे दोन दुकानांमधल्या बोळात मागे घ्यायची होती. बोळ असा की आमची स्वतःची गाडी घालायची झाली तर मी खाली उतरून ‘अजून, अजून, बस’ करेन. पुढे दोन अवाढव्य घोडे, माझ्या डोक्याच्या वर त्यांची पाठ. हाकणारी मुलगी असेल पंचविशीची. तिने लगाम जरासा आखडला आणि घोड्यांशी काहीतरी बोलली, ओरडून नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या आवाजात. घोडे एक पाऊल मागे आले. थांबले. मग दोघांनी मिळून एक पाऊल आडवं टाकलं. त्याबरोबर मधला दांडा वळला, पुढची चाकं वळली आणि गाडीचा मागचा भाग बोळाच्या तोंडाशी आला. पुन्हा एक पाऊल मागे. डाव्या घोड्याला घाई झाली तेव्हा तिने त्याचं एकट्याचं नाव घेतलं. तो थांबला, उजव्याने आपलं पाऊल पुरं केलं. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून अख्खी ड्रे आत गेली.

नवरा चहा विसरला. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो मला समजावून सांगायला लागला की घोड्यांनी आडवं पाऊल टाकलं तरच पुढचा आस फिरतो, म्हणजे स्टिअरिंग पण घोडेच आणि इंजिन पण घोडेच, आणि मागे काय आहे हे त्यांना दिसत नाही, ते फक्त तिच्या आवाजावर चालतात. मग तो त्या मुलीकडे जाऊन प्रश्न विचारत बसला. उन्हाळ्यात बेटावर पाचशेच्या वर घोडे असतात. बारमाही राहणारी माणसंही साधारण तेवढीच. बहुतेक घोडे थंडीत बोटीने पलीकडे अप्पर पेनिन्सुलातल्या, म्हणजे राज्याच्या उत्तर भागातल्या, शेतांवर विश्रांतीला जातात. ‘आणि तुम्ही?’ यावर ती हसली आणि ‘मला एवढी सुट्टी कोण देतं’ म्हणाली.

त्यानंतर रुमाल खिशातून बाहेर आला नाही.

त्या दिवशी पुढे किल्ला बघितला. इंग्रजांनी १७८०च्या सुमारास बांधलेला, १८१२च्या युद्धात त्यांनीच अमेरिकनांकडून न लढता परत घेतलेला. तोफ उडवून दाखवतात, कानाला दडे बसतात, वरून बंदर छान दिसतं. झालं.

किल्ल्यापेक्षा मला रस होता तो खालच्या एका छोट्या घरात, जिथे १८२२ साली अमेरिकन फर कंपनीचं दुकान होतं. जूनमध्ये तिथे चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सी सां-मार्तँ नावाच्या तरुण कामगाराच्या पोटाला भोक पडलं. किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण भोक काही बुजलं नाही. मग डॉक्टरांनी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडायचे आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघायचं, किती पचलं. जठररसात अन्न विरघळतं हे जगाला नीट कळलं ते या प्रयोगांतून. १८३३मध्ये पुस्तक आलं, डॉक्टर अमर झाले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेली बाई, मला हे पाठ आहे. तरी तिथे उभं राहून मनात आलं ते त्या पोराचंच. तो बिचारा मधेच कॅनडाला घरी निघून गेला होता, लग्न केलं, मुलं झाली, आणि पैशांसाठी पुन्हा प्रयोगाला आला. डॉक्टर गेले त्यानंतरही तो जगला, १८८०पर्यंत. नवरा एवढा वेळ फजचा तुकडा चघळत होता, तो त्याने कागदात गुंडाळून ठेवला.

फजबद्दल एवढंच, की लोणावळ्याला जाऊन चिक्की न घेता येऊन दाखवा, तसं आहे ते. संगमरवरी ओट्यावर गरम पाक ओतून लांब उलथन्याने परततात, काचेतून बघायला मजा येते, आणि दुकानाबाहेर पडता पडता हातात पुडा असतोच. गोड मिट्ट. इथले लोक पर्यटकांना ‘फजी’ म्हणतात, ते काही प्रेमाने नसावं.

बेटाला वळसा घालणारा रस्ता, एम-१८५, सायकलने पुरा केला. आठ मैलांहून थोडा जास्त आहे आणि मोटारी बंद असलेला राज्यातला हा एकमेव स्टेट हायवे. डबलसीटर सायकल घेऊ म्हणून नवरा मागे लागला होता. मी नाही म्हटलं. पुढे बसणारा हँडल धरणार, मागे बसणारीने नुसतं पायडल मारायचं आणि ‘डावीकडे घे’ म्हणायचं, मग घरची गाडी काय वाईट होती? दोन वेगळ्या घेतल्या. पहिला मैल गर्दीचा. मधोमध थांबून फोटो काढणाऱ्यांचा इतका राग येतो की घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखतो. आर्च रॉक या दगडी कमानीच्या पायथ्यावरून पुढे गेलं की माणसं विरळ होतात. एका बाजूला देवदारांचं रान, दुसऱ्या बाजूला गोटे आणि पाणी. ते पाणी हिरवंनिळं, तळ दिसणारं, गोड्या पाण्याचं आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. मी पाय बुडवले आणि लगेच काढले. जून संपत आला तरी बर्फातून काढल्यासारखं. ब्रिटिश लँडिंगपाशी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणीच्या वासाने शेजारच्या बाकावरच्या आजी उठून आल्या आणि चाखून ‘स्पायसी’ म्हणून परत गेल्या.

ग्रँड हॉटेल लांबूनच बघितलं. १८८७चं आहे, समोरची ओसरी ६६० फूट. संध्याकाळी तिथे पुरुषांना कोट लागतो. नवऱ्याकडे होता तो टीम इंडियाचा निळा टी-शर्ट. आणि बरं झालं तोच होता.

शेवटच्या बोटी गेल्या की बेट बदलतं. ज्या शांततेचं सगळे सांगत होते ती तेव्हा सुरू होते, पण ती राहणाऱ्यांनाच मिळते, दिवसाच्या पाहुण्यांना नाही. उजेड रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळतो. आम्ही बंदराजवळच्या बाकावर बसलो होतो. पलीकडच्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ, पांढरा शेफचा कोट काढून मांडीवर ठेवलेला, फोनवर कोणाशी तरी बोलत होते. फोन ठेवला, नवऱ्याच्या टी-शर्टकडे पाहिलं आणि थेट विचारलं, “बुमराहची पाठ कशी आहे?”

मिशिगनमध्ये हा प्रश्न मला अनोळखी माणसाने प्रथमच विचारला. ते जमैकाचे, किंग्स्टनजवळचे. मे महिन्यात येतात, ऑक्टोबरमध्ये परत, हंगामी व्हिसावर एका हॉटेलच्या भटारखान्यात. बेटावरच्या हॉटेलांत जमैकाची, फिलिपिन्सची माणसं पुष्कळ आहेत, आम्हाला खोली देणारी, ताट उचलणारी बहुतेक तीच होती. नवरा क्रिकेटमध्ये यथातथाच. माझा जन्म मात्र बाबांच्या ट्रान्झिस्टरशेजारी झाला असावा. त्यामुळे बाकावरची जागा बदलून मी मधे बसले.

त्यांनी हसत हसत किंग्स्टनच्या सबायना पार्क मैदानावरची १९७६ची कसोटी काढली. त्यांच्या होल्डिंगचे वेगवान चेंडू, गायकवाडांच्या कानाला लागलेला मार, दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाल्यावर ९७ धावांवर संपलेला आमचा डाव, कारण उरलेले पाचजण खेळायच्या अवस्थेतच नव्हते. “माझे वडील मैदानात होते,” ते म्हणाले. “म्हणायचे, त्या दिवशी भारतीयांची दया आली, पण थोडीच.”

मी म्हटलं, “तेच मैदान, १९७१. पाच बाद ७५ होतो आम्ही. दिलीप सरदेसाई, २१२.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, हे माझ्या वडिलांनी कधी सांगितलं नाही.”

“का सांगतील?”

मोठ्याने हसले. पुढे आमचे कॅप्टन वाडेकर यांनी सोबर्सच्या वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला तेही सांगून टाकलं, आता काय. बाबांनी तो किस्सा इतक्या वेळा ऐकवला होता की मला वाटायचं, फॉलोऑन त्यांनीच दिलाय. त्या गृहस्थांनी मग कोर्टनी वॉल्शबद्दल सांगितलं, घरच्या आंब्यांबद्दल सांगितलं, आंबे कोणाचे चांगले यावर अर्थातच वाद झाला. फोनवर मुलगी होती. बारावीला आहे आपल्याकडच्या हिशेबाने, परीक्षा चालू होत्या. तिच्या बहुतेक वाढदिवसांना ते इथे असतात, कारण तो ऑगस्टमध्ये येतो. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आंब्यांच्या ओघातच सांगितलं. मला पटकन काही बोलता आलं नाही. नवऱ्याने त्यांना फज पुढे केलं. त्यांनी हात जोडले, “कृपा करा, दिवसभर तोच वास येतो.”

नवऱ्याने त्यांना थंडीतलं बेट कसं असतं ते विचारलं. ते म्हणाले, आपल्याला नाही ठाऊक, बर्फ पडायच्या आत विमानात. ऐकलेलं तेवढं सांगितलं: सरोवर गोठलं की गावकरी पलीकडच्या सेंट इग्नसपर्यंत बर्फावर वापरून झालेली ख्रिसमसची झाडं रोवून वाट आखतात आणि स्नोमोबाईलवर ये-जा करतात. थंडीत त्यांना परवानगी आहे. झाडांच्या रेषेच्या बाहेर जायचं नाही, एवढाच नियम.

हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात फेब्रुवारी घोळतोय. घरी आल्यावर बर्फाची जाडी किती लागते, स्नोमोबाईलचं वजन किती असतं, हे त्याने शोधून ठेवलंय. मी स्पष्ट सांगितलं आहे की माझी वाट फेरीबोटीने आहे आणि ती उन्हाळ्यातच. त्याला जायचं तर जावं, दशम्या मी बांधून देईन.