अंगठे

रविवार, रात्री

सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची विक्सची जाहिरात पुन्हा टाकली. २०१७ ची. बसमधली मुलगी आपल्या आईविषयी सांगत असते आणि मग ती आई दिसते. खाली लगेच जोडलेले हात, बदाम, 'डोळे पाणावले'. माझेही पाणावतात. माल खपवायलाच काढलीय हे माहीत असूनही.

याच ग्रुपवर गणपतीच्या आधी 'तृतीयपंथी आले तर गेट उघडू नका' हा मेसेज फिरला होता. तेव्हाही अंगठे हेच होते. मे २०१८ मध्ये हैदराबादेत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पसरल्या होत्या, आणि जमावाने एका तृतीयपंथी स्त्रीचा जीव घेतला.

तरी मोबाइलला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कविता मी फेसबुकवरच वाचल्या. मधे बातमीदार नाही, कीव करणारा निवेदक नाही. बाई स्वतःच बोलतेय, रागावतेय, मस्करीही करतेय. सिग्नलवर काच वर करणाऱ्या माझ्यासारख्यांना हे ऐकायला एरवी कुठे मिळालं असतं?

पण मत पडतं ते वेगळ्या ओळखीवर, असं वाटतं. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठी महिला गटातला अर्ज आधी बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठाने परवानगी दिली आणि २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. त्या मतदारांनी रील पाहून बटण दाबलं नसेल. त्यांना माणूस माहीत होता, कुणाच्या अडीनडीला कोण येतं ते माहीत होतं.

आमच्याकडे मात्र दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. एका संस्थेत काम करणाऱ्या तृतीयपंथी बाईंसाठी ओळखीतून विचारणा आली होती. मालक तयार होते. कमिटीने कळवलं, 'फक्त फॅमिलीला देतो.' वरच्या मजल्यावर तीन बॅचलर पोरं राहतात, ती कुणाची फॅमिली, कोण जाणे.

पुढच्या रविवारी मीटिंग आहे. विषय पार्किंगचा. मी हाही काढणार. खजिनदारकाका चिडतील, जाहिरात त्यांनीच सगळ्यात आधी पुढे पाठवली होती.