आरतीच्या मागचा आवाज

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या लोकलच्या डब्यात दरवर्षी फुल कार्यक्रम असतो. झेंडूच्या माळा, फुगे, खिडकीच्या वर देवीचा फोटो, सगळ्या एका रंगाच्या साड्यांत, मग आरती, आपट्याची पानं, पेढे आणि कल्याण येईपर्यंत गरबापण, म्हणजे दोन सीटच्या मधल्या जागेत जेवढा होतो तेवढा. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून आदल्या दिवशी. सेंट्रलच्या लेडीज डब्यातून गेलेल्यांना हे सांगायला नको.

तर यंदाचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि रात्री जेवताना मी कौतुकाने घरी लावला. आरती चालू, टाळ्या चालू, आणि मागून एक बाई कुणावर तरी खेकसतेय, "ए, बॅग दिसत नाही का तिथे? उल्हासनगरला आमची मैत्रीण चढते, तिची रोजची सीट आहे ती!" मुलगा हसायलाच लागला, म्हणे आई ही कोण गं, आरतीत पण भांडतेय. नवरा काहीच बोलला नाही, खाली बघून भाकरी मोडत बसला. त्याला पहिल्या शब्दाला कळलेलं, मला परत मागे घेऊन ऐकल्यावर कळलं की आवाज माझा आहे.

आणि खरं सांगते, भांडले त्याचं एवढं नाही वाटलं, मला ते आठवतच नव्हतं याचं जास्त वाटलं. माझ्या डोक्यात तो दिवस म्हणजे पेढे, फोटो, मजा. जिच्यावर मी खेकसले ती मुलगी त्यात नव्हतीच. म्हणजे अशा अजून किती असतील ज्यांच्या डोक्यात मी आहे आणि माझ्या डोक्यात त्या नाहीत?

मी 2014 पासून बदलापूर ते सीएसएमटी करतेय. पहिलं वर्ष दीड वर्ष मी उभीच असायचे. बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारायचं, ती म्हणणार ठाणा, पण ठाणा आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार, मग दुसरीला विचारायचं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं पण मला ती पद्धत आवडते, कागद नाही, टोकन नाही, तरी नंबर पाळला जातो, आणि तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते तीपण न भांडता (बऱ्याचदा). पण बॅग टाकून सीट धरणं वेगळं. त्यात नंबर वगैरे काही नाही, त्यात फक्त आमचा ग्रुप आणि बाकीच्या.

गंमत बघा, अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरकडे येणाऱ्या गाडीत बसतात आणि त्याच गाडीने रिटर्न जातात, गाडी बदलापूरला लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या, यावर मी किती वर्षं तोंड वाजवलंय! आम्ही इथे राहतो आणि आम्हालाच जागा नाही वगैरे. आणि हे बोलताना माझी पर्स शेजारच्या सीटवर, उल्हासनगरसाठी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं.

हे कसं झालं याचा विचार केला तर एका दिवसात नाही झालं. आधी उभं राहून पाय सुजले, मग ग्रुपमध्ये घेतलं, कुणीतरी माझ्यासाठी रुमाल टाकला, त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते अजून आठवतंय, आणि मग हळूहळू उपकाराचा हक्क झाला. आम्ही नाही का उभं राहिलो, आता यांनी राहावं. अगदी सासवा बोलतात तसं, आम्ही नाही का केलं. सासूबाईंच्या या वाक्यावर मी मैत्रिणींकडे किती बोललेय ते राहू दे.

गर्दी खोटी नाहीये. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं चालत्या गाड्यांतून पडून गेली, त्या दिवशी ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी रेल्वेला शिव्या घातल्या आणि त्या बरोबरच होत्या. पण दुसऱ्या दिवशी दारात पोरी लटकलेल्या आणि आत आमची बॅग आरामात बसलेली, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यापण नाही.

व्हिडिओनंतर मी बॅग टाकणं बंद केलं. लय महान काही वाटत नाहीये, उलट वैताग आहे. उल्हासनगरवाली पहिल्या दिवशी उभी राहिली आणि ठाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही, तिचा गुडघा दुखतो हे मला माहितीय, मग दुसऱ्या दिवशी मी तिला माझी सीट दिली आणि स्वतः उभी राहिले आणि मनात म्हटलं बघा मी कशी चांगली! म्हणजे तिथेपण टाळ्या हव्याच. तिसऱ्या दिवशी विंडो मिळाली ती मात्र सोडली नाही.

ती मुलगी अंबरनाथला चढते, हे मी आता मुद्दाम बघितलं. दारापासून जरा आत, रॉडला टेकून, कानात इअरफोन. सॉरी म्हणायचं होतं पण तिला तरी मी आठवत असेन का, आणि आठवत असेन तर काय तोंडाने बोलायचं. गेल्या आठवड्यात माझ्या शेजारची जागा रिकामी होती, बॅग नव्हती, काही नव्हतं. मी हाताने खुणावलं, बस ना. तिने एक इअरफोन काढला, आधी सीटकडे बघितलं मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "नको काकू, कुणाचीतरी असेल."

मी नाही नाही म्हणेपर्यंत उल्हासनगर आलं, आणि एक भाजीची पिशवी घेतलेली बाई येऊन बसली.