तुम्ही विचारलंत म्हणून : बास्केट होत नसताना तिला का खेळवता?

प्रॅक्टिस संपली की मैदानाच्या फाटकाशी गाडी लावून उभ्या असलेल्या आईवडिलांपैकी कुणी ना कुणी मला विचारतेच, "ताई, तिचे शॉट जात नाहीत, तरी तुम्ही तिला शेवटपर्यंत आत ठेवता. असं का?" प्रश्न काळजीपोटी आलेला असतो आणि मुलगी शेजारीच पाण्याची बाटली धरून उभी असते, त्यामुळे तिथल्या तिथे मी पूर्ण उत्तर देत नाही. ते इथे सविस्तर लिहिते. त्यासाठी न्यूयॉर्क लिबर्टी या महिला बास्केटबॉल संघाच्या 2024 च्या हंगामाबद्दल सांगावे लागेल, कारण मनात कित्येक वर्षे असलेले उत्तर त्या हंगामाने पक्के केले.

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग 1997 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि लिबर्टी त्या पहिल्या आठांपैकी एक. हा संघ 2023 पर्यंत पाच वेळा अंतिम फेरीत गेला आणि पाचही वेळा हरला. 2020 मध्ये तर त्यांनी 22 पैकी अवघे 2 सामने जिंकले होते. त्याच वर्षी लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतली गेलेली त्यांची साब्रिना आयोनेस्कू तिसऱ्याच सामन्यात घोटा दुखावल्याने बाहेर गेली. 2023 च्या अंतिम फेरीत लास व्हेगास एसेस संघाने त्यांना त्यांच्याच ब्रुकलिनच्या मैदानावर 70-69 असे, एका गुणाने हरवून विजेतेपद नेले. 2024 मध्ये साखळीतील 40 पैकी 32 सामने जिंकून हा संघ लीगमध्ये पहिला आला आणि उपांत्य फेरीत त्याने त्याच एसेसना 3-1 असे हरवले.

या हंगामातील एक निर्णय माझ्या विशेष लक्षात राहिला. कोर्टनी व्हँडरस्लूट ही लीगच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट (ज्यावर दुसरी बास्केट करते असे पास) देणाऱ्यांपैकी एक, अनेक वर्षांचा अनुभव असलेली खेळाडू. बाद फेरी सुरू होताना कोच सँडी ब्रॉन्डेलो यांनी तिला सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांतून काढून लीगमध्ये पहिलेच वर्ष असलेल्या जर्मनीच्या लिओनी फीबिशला घेतले. पहिल्या पाचांत नाव नाही म्हणून शाळेतल्या मुलीसुद्धा किती रडतात हे मी दर वर्षी पाहते. इथे एवढ्या मोठ्या खेळाडूने ती जागा सोडली आणि बाकावरून येऊन आपले काम केले.

पाच सामन्यांच्या अंतिम फेरीत समोर मिनेसोटा लिंक्स होते. पहिल्या सामन्यात लिबर्टीने 18 गुणांची आघाडी घालवली. त्यांच्या ब्रियाना स्टुअर्टने अगदी शेवटच्या क्षणी दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) चुकवला, सामना जादा वेळेत गेला आणि तिथे 95-93 असा हातातून निसटला. तिसऱ्या सामन्यात जेमतेम एक सेकंद उरला असताना आयोनेस्कूने तीन गुणांच्या रेषेच्या बरेच मागून शॉट मारला आणि संघ 80-77 असा जिंकला. तो शॉट माझ्या सगळ्या मुलींनी मोबाइलवर पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी निम्म्या जणी मैदानाच्या मध्यावरून बॉल फेकत होत्या आणि मी त्यांना थोडा वेळ फेकू दिले.

पाचवा आणि निर्णायक सामना पुण्याच्या वेळेनुसार 21 ऑक्टोबरच्या पहाटे साडेपाचला सुरू झाला. सकाळची प्रॅक्टिस मी संध्याकाळवर ढकलली आणि मुलींना खरे कारण सांगितले. मला तुम्हाला हाच सामना सांगायचा आहे. आयोनेस्कूने त्यात 19 शॉट मारले आणि त्यांतला फक्त एक आत गेला. स्टुअर्टचे 15 पैकी 4 गेले. संघाच्या दोन सर्वांत नावाजलेल्या खेळाडू, वर्षातला सर्वांत मोठा सामना, आणि बॉल रिंगला लागून बाहेर येतो आहे. एका टप्प्यावर लिंक्स 12 गुणांनी पुढे गेले. आपल्याकडच्या कोणत्याही शालेय स्पर्धेत एव्हाना पालकांच्या बाजूने "बदला तिला" असा आवाज आला असता.

त्या सकाळी मी प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतर बॉलकडे न पाहता आयोनेस्कूच्या पायांकडे पाहत होते. ती उभी राहिलेली मला दिसली नाही. शॉट सुटला की ती वळून आपल्या बाजूला धावत होती. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर गुण पाचच होते, पण असिस्ट आठ आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) सात होते. शिवाय आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट होती. शॉट जात नसले तरी तिला मोकळी सोडण्याची हिंमत समोरच्या संघाला होत नव्हती, तिला धरून एक खेळाडू बाहेरच अडकून राहत होती आणि आत लिबर्टीच्याच जोन्केल जोन्ससाठी जागा होत होती. जोन्सने 17 गुण केले आणि अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिलाच मिळाला.

स्टुअर्टने 15 रिबाउंड घेतले. निर्धारित वेळेची 5.2 सेकंद उरली असताना तिला दोन फ्री थ्रो मिळाले. ज्या फाउलवर ते मिळाले त्याबद्दल लिंक्सच्या कोच शेरिल रीव्ह यांनी नंतर उघड नाराजी व्यक्त केली आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही ते लागलेच असते. पण पहिल्या सामन्यात जिथे तिचा हात चुकला होता, तिथेच उभे राहून तिने दोन्ही बॉल आत टाकले आणि 60-60 अशी बरोबरी झाली. जादा वेळेची सुरुवात फीबिशच्या तीन गुणांच्या बास्केटने झाली. पाठोपाठ न्यारा साबालीने बॉल हिसकावून एकटीने रिंगजवळ जाऊन ले-अप मारला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे लीगमधले आपले पहिले वर्ष जिला पूर्ण बाहेर काढावे लागले होते आणि जी त्या दिवशी बाकावरून आली होती, ती ही साबाली. तिने आणि फीबिशने प्रत्येकी 13 गुण केले. लिबर्टी 67-62 असे जिंकले आणि 28 व्या हंगामात त्यांना पहिले विजेतेपद मिळाले.

शॉट चुकला तरी चालतो, असे मी म्हणत नाही. 19 पैकी 1 हा वाईट आकडा आहे आणि हात सुधारण्यासाठी मी मुलींना रोज घाम गाळायला लावते. पाय दमले की बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो, म्हणून शंभर शॉट मी मुद्दाम शेवटी, त्या दमल्यावर घेते. पण मी मुलीला बाहेर बसवते ती वेगळ्या चुकीसाठी. तुमच्यापैकी एकांची चौदा वर्षांची मुलगी पूर्वी शॉट चुकला की जागेवरच थांबायची, आधी रिंगकडे आणि मग मान वळवून बाबांच्या चेहऱ्याकडे पाहायची, आणि तेवढ्या दोन सेकंदांत समोरच्या संघाची खेळाडू मोकळी निघून जाऊन बास्केट करायची. ते दोन गुण तिच्या चुकलेल्या शॉटमुळे गेलेले नसत. वळून पाहण्यात गेलेले असत.

तेव्हापासून मी स्कोअरच्या वहीत दोन रकाने वाढवले आहेत. एकात शॉट चुकल्यावर मुलगी किती वेळा लगेच परत धावली ते लिहिते आणि दुसऱ्यात तिच्या पासवर दुसरीने किती बास्केट केल्या ते. गेल्या रविवारच्या सामन्यात या मुलीच्या 9 शॉटपैकी 1 गेला, तिने 6 रिबाउंड घेतले, तिच्या पासवर 4 बास्केट झाल्या आणि चुकलेल्या आठही शॉटनंतर ती परत धावली. वही माझ्या बॅगेत असते. उद्या फाटकाशी भेटलात की आपण ते पान तिच्यासमोरच पाहू.