रेडिओ-घड्याळ चुकतंय? आधी जागा बघा

रेडिओवरून वेळ जुळवणाऱ्या घड्याळात अणुघड्याळ नसतं. आत असतो तोच साधा क्वार्ट्झ स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणारा आणि दिवसाकाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास चुकणारा. ती चूक रेडिओ केंद्राकडून येणाऱ्या वेळेच्या संदेशामुळे रोज रात्री पुसली जाते, एवढंच. म्हणून घड्याळ मागेपुढे व्हायला लागलं की पहिला प्रश्न एकच: त्याला संदेश मिळतोय का?

संदेश दीर्घलहरींवरून येतो. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ ७७ हे केंद्र, ७७.५ किलोहर्ट्झवर. ब्रिटनमध्ये अँथॉर्नहून एमएसएफ आणि अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी, दोन्ही ६० किलोहर्ट्झवर. घड्याळ ज्या केंद्रासाठी बनवलंय, त्याच्या टप्प्याबाहेर नेलं तर ते साधं क्वार्ट्झ घड्याळ म्हणूनच चालतं.

डीसीएफ ७७ ची रचना फार सुबक आहे. प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला लहरीची ताकद घटते. घट ०.१ सेकंद टिकली तर शून्य, ०.२ सेकंद टिकली तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला घटच होत नाही. पुढचं मिनिट सुरू होतंय याची ती खूण. तास, मिनिटं, तारीख, उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत) आणि चूक पकडण्यासाठीचे तीन तपास-अंक असं सगळं त्यात बसवलेलं असतं. मात्र सेकंदाला एकच अंक येत असल्यामुळे पूर्ण संदेशाला अख्खं मिनिट लागतं, आणि मधे जरा खरखर झाली तर ते मिनिट वाया जातं. म्हणूनच बहुतेक घड्याळं मध्यरात्रीनंतर प्रयत्न करतात: रात्री या लहरी दूरवर पोचतात आणि घरातली उपकरणंही बहुतेक बंद असतात.

खरे शत्रू म्हणजे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारे भाग), टीव्ही, संगणक. यांच्यापासून घड्याळ निदान दोन मीटर लांब ठेवा. लोखंडी कपाट, पत्रा, सळ्यांची भिंत टाळा. खिडकीजवळची जागा उत्तम. आतली अँटेना म्हणजे तार गुंडाळलेली फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) कांडी. तिचं टोक केंद्राकडे असेल तर काहीच ऐकू येत नाही, आडवी बाजू हवी. ही कांडी बहुधा घड्याळाच्या रुंदीला समांतर असते, त्यामुळे घड्याळाचं तोंड किंवा पाठ केंद्राच्या दिशेला करून बघा. नुसतं ९० अंशांत फिरवूनही पुष्कळदा काम होतं.

सेल बदलायचा तर संध्याकाळी बदला, नवा अल्कलाइन घाला आणि रात्रभर बटणांना हात लावू नका.

चूक कशा प्रकारची आहे, तेही बरंच सांगतं. नेमका एका तासाचा फरक असेल तर टाइम झोन किंवा उन्हाळी वेळेची सेटिंग तपासा. काटे रोज सारख्याच मिनिटांनी चुकत असतील तर संदेश नीट मिळतोय, फक्त काट्यांची मूळ जागा सरकलीय. सेल काढून परत घाला आणि काटे आपोआप बाराला येऊन थांबतात का ते पाहा. फरक दिवसेंदिवस वाढत असेल, तरच जागा बदला.